काशीरामभाऊंचा चिंचेचा ओंडका

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं सरकारी खात्यात तक्रारनोंदीच्या टेबलावर बसलो. खात्याचं नाव सांगत नाही; त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही प्रकृतीला ते बरं. लोक यायचे, माझ्या अंगावर ओरडायचे आणि मी शांतपणे वहीत लिहून घ्यायचो. क्रमांक, तारीख, तक्रारीचं स्वरूप, शेरा. शेरा ठरलेला, 'पुढे पाठवली'. निवृत्त झालो त्या दिवशी मनाशी म्हटलं, शांताराम, आता ओरडायची पाळी तुझी.

मुंबईची खोली सोडून आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सोसायटीचं नाव विचारू नका, परत मीटिंग लावतील. पाणी टँकरचं, लाइट स्वतःच्या मर्जीची, पण दुपारी मात्र शांतता. दोन ते चार मी झोपतो. त्या वेळात साक्षात देव दारात आला तरी माझी बायको सरोजिनी त्याला 'चारनंतर या' म्हणून सांगेल.

एकोणीसशे नव्याण्णवच्या एप्रिलात एका दुपारी डोक्यावर आवाज झाला. ठण्ण! मी कूस बदलली. परत ठण्ण! मग थोडं थांबून ठण्ण, ठण्ण, ठण्ण. वरचा फ्लॅट महिन्याभरापूर्वीच विकला गेला होता. मी उठलो, पँट चढवली, पट्टा आवळला आणि तरातरा वर गेलो.

दार उघडंच होतं. हॉलच्या मधोमध गोणपाटावर एक किडकिडीत म्हातारा बसला होता. अंगात बनियन, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांड्यांच्या मध्ये शिशाची जाड लादी, तिच्यावर चामड्याची पट्टी, डाव्या हातात पंच आणि उजव्या हातात लाकडी मोगरी.

"काय चाललंय काय हे? ही झोपायची वेळ आहे, कळत नाही का?" मी गरजलो.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या पोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि मग फार वाईट वाटल्यासारखं म्हणाला, "साहेब, हे भोक खिळ्यानं पाडलंत?"

पाडलं होतं. निवृत्तीनंतर पोट सुटलं, पट्ट्याला शेवटचं भोक पुरेना, म्हणून मीच खिळा आणि बत्ता घेऊन पुढे एक पाडलं होतं. पण ते त्याला काय करायचंय? माझा पारा आणखी चढला. त्याची सून आतून आली आणि घाईघाईने म्हणाली, "काका, बसा ना. चहा टाकते."

"नको. आत्ताच झाला," मी म्हटलं आणि खाली आलो. आल्या आल्या चेअरमनच्या नावाने अर्ज खरडला. विषय : तिसऱ्या मजल्यावरील ठोकाठोकीबाबत. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तोच म्हातारा. चपला त्याने जिन्यातच काढल्या होत्या. "साहेब, मी काशीराम. वरचा. आवाज किती येतो ते मला खाली बसून ऐकायचंय."

आता एकतीस वर्षांत मी हजारो तक्रारी लिहून घेतल्या, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार तो माणूस ती ऐकायला स्वतः आल्याचं एकही उदाहरण आठवेना. मी त्याला माझ्या पलंगावर बसवलं. वर त्याच्या सुनेने, मीराने, सांगितल्याप्रमाणे मोगरी मारली. ठण्ण! काशीराम पलंगावरच दचकला. तीन ठोके ऐकले आणि म्हणाला, "च्यायला! मी तुमच्या जागी असतो तर काल याहून जास्त भांडलो असतो."

सरोजिनीने चहा आणला. तो त्याने बशीत ओतून प्यायला आणि आपली सगळी हकीकत सांगितली. चिपळूणजवळचं गाव. तेराव्या वर्षी परळला काकाकडे आला आणि चपलांच्या कामाला बसला. पुढे स्वतःची तळमजल्यावर खोली घेतली, ओट्यावर दुकान मांडलं. चपला, सँडल, पट्टे. गिरणीच्या कामगारापासून कॉलेजातल्या प्रोफेसरापर्यंत सगळ्यांच्या कमरा त्याला पाठ. गेल्या साली बायको गेली, मुलगा संग्राम म्हणाला, बाबा, आता मोकळ्या हवेत राहू. खोली विकली आणि इथे आले. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री आठला येतात. नवं घर लावायला मीराने महिना-दीड महिना रजा घेतली होती म्हणून ती घरी.

"परळला माझा ओंडका जमिनीत पुरलेला होता," तो म्हणाला. "अर्धा वर, अर्धा मातीत. तीस वर्षं त्याच्यावर ठोकलं, शेजारणीला कधी कळलं नाही. निघताना खणायला गेलो तर निघेचना. नव्या मालकानं त्याच्यावर लादी घातली. ही शिशाची लादी एका छापखानेवाल्यानं दिलेली. पंचाची धार मरत नाही हिच्यावर. पण खाली माती पाहिजे. इथं खाली तुम्ही आहात."

मग कप खाली ठेवून म्हणाला, "साहेब, मला महिनाभर द्या. आवाज बंद करतो. नाही जमलं तर मी गावाला जाईन. माझ्यापायी संग्रामला चार लोकांत खाली मान घालायला नको. आणि काम सोडून नुसतं त्या खिडकीत बसणं मला होणार नाही, ते आधीच सांगतो."

गावाला त्याचं कोण होतं? कुणीच नाही. हे सरोजिनीने त्याला विचारून काढलं, आणि तो गेल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला एस.टी.त बसवलं. मी म्हटलं, बघू. महिनाभर कळ काढू.

झालं ते असं की त्या महिन्यात मला चामड्यातलं बरंच कळायला लागलं. पंच म्हणजे टोकाला धार असलेली पोकळ नळी. वरून ठोका बसला की चामड्यातून गोल टिकली निघते. पण धार चामड्याच्या पार जाते, आणि तिथे खाली काय आहे यावर सगळा खेळ. दगडासारखं कठीण असलं तर धार बोथट होते. फार मऊ असलं तर चामडं आधी खाली दबतं आणि भोक फाटकं निघतं. थोडक्यात, धारेला आत घेईल पण चामड्याला दबू देणार नाही, असं काहीतरी खाली हवं. आणि आमच्या बाबतीत त्याने आवाज पण करायचा नाही. एवढे गुण तर आम्ही जावयातसुद्धा बघितले नव्हते.

मी जुनी सवय म्हणून वही घातली. खाली पलंगावर आडवा पडून मी ऐकणार, वर काशीराम ठोकणार, आणि मग वर जाऊन मी निकाल सांगणार, अशी पद्धत ठरली.

पहिलं आलं रबर. टायरचा जाड तुकडा. आवाज खरंच कमी, नुसता धप्प. पण पंच उड्या मारायला लागला. एका ठोक्यात होणाऱ्या भोकाला पाच ठोके. ठण्ण एकदा ऐकणं परवडलं, धप्प पाच वेळा नको. मी वर जाऊन तसं सांगितलं. "चहा घेणार का काका?" मीराने विचारलं. "नको गं, ॲसिडिटी आहे," मी म्हटलं.

मग मीराचा भाजी कापायचा प्लास्टिकचा बोर्ड. काशीराम एकदम खूश. धार सुरक्षित, भोक चोख. खाली मात्र टक्, टक्, टक्, असा आवाज की नळ गळत असल्यासारखा. सरोजिनीने दोनदा उठून मोरीत बघितलं. शिवाय मीराला कोबी कापायला काही उरलं नाही. तोही गेला.

त्यानंतर टेलिफोनच्या डिरेक्टरीचे दोन खंड, एकावर एक. हा माझा शोध. आवाज जवळजवळ शून्य! मी वहीत 'समाधानकारक' असा शेरासुद्धा मारला. सबंध नोकरीत मी तो शब्द लिहिला नव्हता. पण कागदात पंच रुतून बसायचा, भोकाच्या कडेला चामड्याच्या मिशा राहायच्या आणि काशीरामला त्या बघवेनात. पुढच्या आठवड्यात आमच्या संडासाची टाकी वाहायला लागली. प्लंबरचा नंबर बघायला डिरेक्टरी खाली आणली, तर नाव होतं, पत्ता होता आणि नंबराच्या जागी गोल भोक. त्याच्या खालच्यालाही भोक. त्या पानावरचे सगळे प्लंबर काशीरामच्या घरी टिकल्या होऊन पडले होते.

आता पोळपाटाचं सांगायलाच हवं, कारण सरोजिनी ते अजून विसरलेली नाही. मला वाटलं, लाकूड चालतं तर घरात एवढा सुंदर शिसवी पोळपाट पडून आहे. ती मावशीकडे गेली होती. मी गुपचूप वर नेला. काशीरामने बघितल्या बघितल्या मान हलवली. "साहेब, याच्या रेघा आडव्या आहेत. आडव्या रेघेवर पंच मारला की लाकूड फाटतं आणि पंच अडकतो. झाडाच्या अंगावर मारायचं नसतं, टोकावर मारायचं असतं." मी म्हटलं, मारा तर खरं. त्याने चार मारले. चौथा अडकला. ओढून काढताना पोळपाटाला काठापासून मधोमध तडा गेला. मी तो पुसून जागेवर ठेवला आणि गप्प बसलो. संध्याकाळी प्रत्येक पोळीवर चार चंद्र आणि मधून एक नदी उमटली. सरोजिनीने पोळी उजेडात धरून बघितली आणि मला नुसतं एवढंच विचारलं, "तुम्ही की तुमच्या मित्राने?"

मित्र! मी म्हटलं, तो माझा मित्र नाही, मी तक्रारदार आहे.

पण 'टोकावर मारायचं' हे माझ्या डोक्यात बसलं होतं. महिना संपायला पाच दिवस राहिले तेव्हा मला गॅब्रिएल आठवला. गॅब्रिएल माझ्याच खात्यात शेजारच्या टेबलावर होता. मी 'पुढे पाठवली' लिहायचो ती तक्रार त्याच्याकडेच जायची. त्याची पापडीला केळी-चिकूची वाडी. मागच्या पावसाळ्यात त्याच्या घरामागची जुनी चिंच पडली, हे त्याने मला तासभर सांगितलं होतं. काशीरामला म्हटलं, चला.

गॅब्रिएलच्या अंगणात, शेडखाली, चिंचेचे दोन ओंडके होते. एक नवा, पडलेल्या झाडाचा, वर्षभर सुकलेला. दुसरा जुना, काळाकुळीत, मधे खोलगट झालेला. काशीराम सरळ जुन्यापुढे जाऊन उकिडवा बसला. हात फिरवला, नखाने दाबलं, वास घेतला. परळचा ओंडका वर आल्यासारखं त्याचं तोंड झालं.

"ए, ए! त्याला हात लावायचा नाही!" गॅब्रिएलची बायको फेलिशिया स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊनच धावली.

तो ओंडका म्हणे त्यांच्या आळीचा. ज्या घरी लग्न, त्या घरी तो मांडवात जाणार, मटण आणि डुकराचं मांस त्याच्यावरच कापलं जाणार, आणि पुढच्या लग्नापर्यंत त्याच घराने तो सांभाळायचा. डिसेंबरात तिच्या इझाबेलचं लग्न. ते झाल्याशिवाय ओंडका दिला तर आळी तिला जगू देणार नाही.

काशीराम हात जोडून म्हणाला, "बाई, मी मागत नाही. नुसतं बघतोय. कुणी कापला हा? रेघ कशी उभी धरलीय बघा. सुरा मारला तरी रेघा बाजूला होतात आणि परत मिटतात. खाटकाला आणि आम्हाला एकच लाकूड लागतं. चिंच."

फेलिशियाची पळी खाली आली. तिच्या सासऱ्यांनी तो कापला होता, आणि आजवर एकाही पाहुण्याने त्याचं कौतुक केलं नव्हतं. सगळे वरच्या मांसाचंच करायचे. पाच मिनिटांत तिने आम्हाला बसवलं, केक कापला, चहा दिला. मी दोन कप प्यायलो. आणि तिने नवा ओंडका देऊन टाकला. अट एकच, काशीरामने इझाबेलच्या लग्नाला यायचं. गॅब्रिएल मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "अरे शांताराम, मी एक फळी मागितली तरी ही महिनाभर बोलते. हा माणूस कोण आहे?"

ओंडका रिक्षात बसला, आम्ही दोघे त्याच्या आजूबाजूला लटकलो. रिक्षावाला सबंध रस्ता आरशातून बघत होता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन म्हातारे, एक ओंडका, तीन मजले. पहिल्या मजल्यावर आमचे चेअरमन रामनाथराव भेटले. इस्त्रीचा झब्बा, गोड हसू. "हे काय नेताय, शांतारामराव?" "पाट," मी धापा टाकत म्हटलं. जेवायला बसायचा असेल असं समजून ते बाजूला झाले.

एक गोष्ट मात्र माझी, ती मी कुणाला देणार नाही. काशीराम ओंडका परत हॉलच्या मधोमध ठेवत होता. मी म्हटलं, थांबा! चामडं तुम्हाला कळतं, छत मला कळतं. वर्षभर रोज दोन तास मी त्याच्याकडे बघत आलोय. मधल्या स्लॅबवर मारलं की तो ढोलासारखा घुमतो. बीम या भिंतीच्या कडेने जातो. तिथे ठेवा. मग खाली रेतीने अर्धं भरलेलं पोतं, त्याच्यावर ओंडका, असं त्याने बसवलं. मी खाली येऊन आडवा झालो. वही छातीवर.

वाट बघितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला राग यायला लागला. माणसाने शिस्त पाळावी की नाही? पंधराव्या मिनिटाला मी ताडकन उठून वर गेलो. "अहो, सुरू करा की! मी काय तिथे मुहूर्ताची वाट बघत बसू?"

काशीरामने मान वर केली. त्याच्या पुढ्यात चार पट्टे पडले होते. प्रत्येकाला सात भोकं, एका ओळीत, मिशी नाही की फाटलेलं नाही. "झाले पण साहेब," तो म्हणाला.

आम्ही दोघे लहान पोरांसारखे हसलो. मीराने विचारलं, काका, आता तरी चहा? मी म्हटलं, नको, हल्ली साखर वाढलीय. आणि उड्या मारत खाली आलो.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. मी चेअरमनकडे गेलो आणि म्हटलं, माझा अर्ज मागे घेतो, आवाज बंद झाला. रामनाथराव गोड हसले. "आवाजाचं जाऊ द्या हो, शांतारामराव. पण तुमच्या अर्जामुळे विषय निघाला, बरं झालं. वासाचं काय?"

"कसला वास?"

"चामड्याचा. लोकांची तक्रार आहे. राहती इमारत आहे ही. काही गोष्टी आपल्यात शोभत नाहीत, तुम्हाला कळतंय ना?"

मला तेव्हा नीटसं कळलं नाही, खरं सांगतो. मी घरी येऊन नाक वर करून जिन्यात तीनदा चढलो-उतरलो. पहिल्या मजल्यावर सुक्या बोंबलाचा वास, दुसऱ्यावर आमच्या फोडणीचा, तिसऱ्यावर अगरबत्तीचा. चामड्याचा नाही.

दिवाळीआधी काशीरामभाऊंच्या फ्लॅटचं रंगकाम निघालं. (एव्हाना ते माझ्या तोंडी काशीरामभाऊ झाले होते, कसे कोण जाणे.) रंगाचे शिंतोडे नकोत म्हणून त्यांचं सगळं सामान बारा दिवस आमच्याकडे. हत्यारं पलंगाखाली, आणि चामडी वळू नयेत म्हणून आमच्या दिवाणावर, गादीखाली सपाट पसरलेली. सात मोठी कातडी. हे आम्हा दोन घरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी रामनाथराव आले. हातात सह्यांचा कागद. येऊन बसले ते थेट दिवाणावर. सरोजिनीने पोहे दिले, ते त्यांनी दोनदा मागून घेतले. मग पाय वर घेऊन, एक दीर्घ श्वास ओढून म्हणाले, "तुमच्या घरात कसं प्रसन्न वाटतं हो. वरच्यांचा मात्र अगदी कहर झालाय. गेले आठ-दहा दिवस तर भपका असा की जेवण जात नाही."

सरोजिनी चटकन स्वयंपाकघरात गेली. मला माझा स्वभाव माहीत आहे. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे. पण एकतीस वर्षांची नोकरी मधे आली. मी शांतपणे म्हणालो, "असं तोंडी चालत नाही, रामनाथराव. तक्रार लेखी द्या. कधीपासून, किती, तारीख घाला. म्हणजे पुढे पाठवता येते."

त्यांनी माझ्याच पेनाने लिहून दिली. खाली आठ सह्या आधीच होत्या.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध टेबल. काशीरामभाऊ धुतलेला सदरा घालून मागच्या रांगेत संग्रामशेजारी. संग्रामची मान खाली. भाऊंनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, निकाल काहीही लागो, मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने ते गावाला निघतायत. पोराला रोज त्याच जिन्यातून जायचंय, म्हणाले.

विषय आल्यावर मी उठलो. आधी माझा एप्रिलचा अर्ज वाचला. "ही तक्रार माझी. आवाजाची. खरी होती, ती मिटली," म्हटलं. मग दुसरा कागद वाचला, तारखेसकट. आठही सह्यांची नावं वाचली. प्रत्येकाला विचारलं, वास नक्की आला? आला, आला. तिसऱ्या मजल्यावरून? हो, हो.

"मग आता माझं ऐका," मी म्हटलं आणि इथे माझा आवाज चढला तो चढलाच. "या तारखांना तिसऱ्या मजल्यावर चामड्याची टिकलीसुद्धा नव्हती! सात कातडी माझ्या दिवाणावर होती, गादीखाली. त्यांच्यावर मांडी घालून आमच्या चेअरमनसाहेबांनी तीन बशा पोहे खाल्ले आणि घर प्रसन्न आहे म्हणाले!"

पार्किंगमध्ये हशा पिकला. कुणीतरी मागून विचारलं, पोह्यात लिंबू होतं का? रामनाथराव कागद उलटसुलट करायला लागले. मी विजयी मुद्रेने मागे बघितलं. मला वाटलं, काशीरामभाऊ पण हसत असतील.

ते हसत नव्हते. उभे राहिले. हळूच बोलले, पण सगळे गप्प झाले होते म्हणून ऐकू आलं. "शांतारामसाहेब, कागद फाडून टाका. वास येतो. मला पण येतो, तेराव्या वर्षापासून येतो. जिथे गेलो तिथे येतो. फक्त तो चामड्याचा नाही."

आणि बसले. विषय पत्रिकेवरून काढून टाकण्यात आला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

घरी आलो तरी मी तावातच होतो. "बघितलंस? कसे लोक असतात! अजून, आजच्या काळात! मनात काय आणि तोंडावर काय!" सरोजिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची ती वही काढा."

"कशाला?"

"तुम्ही वर किती वेळा गेलात, मोजा."

मोजले. चौदा वेळा.

"आणि चहा किती वेळा प्यायलात?"

मी दिवसाला सहा कप पिणारा माणूस आहे. पापडीला ॲसिडिटी नव्हती, साखर नव्हती. मी वही चाळत राहिलो. काही ठिकाणी तर मी स्वतःच लिहून ठेवलं होतं, माझ्या चांगल्या अक्षरात, 'चहा विचारला, नको म्हटलं'. मी काही ठरवून केलं नव्हतं हो. शपथेवर सांगतो, माझ्या मनात काहीही नव्हतं. मनात नसतानासुद्धा चौदा वेळा तोंडातून 'नको' कसं आलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि लाज मात्र अशी वाटली की जेवण गेलं नाही.

सोमवारी मी वर गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार?

मंगळवारी दुपारी दोनला आडवा झालो. वर आवाज नाही. म्हणजे काम चाललंय, की माणूस निघून गेला? कळायला काही मार्गच नाही. स्वतःच्या हाताने बंदोबस्त करून ठेवला होता मी! बीम शोधला, रेती भरली, आता ऐक म्हणावं शांतता. दहा मिनिटं मी छताकडे बघत पडलो. मग उठलो, पँट चढवली, पट्टा आवळला आणि धावत वर गेलो.

काशीरामभाऊ होते. रिकाम्या हॉलमध्ये बॅग भरून तिच्यावर बसलेले. ओंडका पोत्यावर तसाच. मीरा सासऱ्यांना निरोप द्यायला अर्धी रजा टाकून घरी थांबली होती. तिचे डोळे सुजलेले. मला बघून सवयीने म्हणाली, "बसा काका," आणि पुढे काही विचारलं नाही. चौदा वेळांनंतर तिने तरी का विचारावं?

मी जमिनीवर बसलो. "मीरा, चहा टाक," म्हटलं. आवाज नेहमीसारखा ओरडल्यासारखाच निघाला.

ती सासऱ्यांकडे बघायला लागली. भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला ॲसिडिटी ना?"

"बरी झाली."

"आणि साखर वाढलेली?"

"नव्हतीच. भाऊ, मी खोटं बोलत होतो. मला कळत नव्हतं, पण खोटं ते खोटंच. तुमचा वास मला आला नसेल, पण माझा तुम्हाला आला असणार."

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. बराच वेळ भाऊ माझ्या पोटाकडे बघत होते, पहिल्या दिवशीसारखेच. मग म्हणाले, "काढा तो पट्टा. एप्रिलपासून माझ्या डोळ्यांत खुपतंय ते भोक."

"बॅग उघडावी लागेल तुम्हाला. हत्यारं तळाशी असतील. पाचची गाडी चुकेल."

"चुकू दे," ते म्हणाले आणि बॅगेवरून उठले.

त्यांनी खिळ्याचं ते फाटकं भोक कापून काढलं, टोकाला नव्या चामड्याचा तुकडा शिवून पट्टा वाढवला, आणि ओंडक्यावर धरून सात भोकं पाडली. मी समोर बसलो होतो, तरी आवाज जवळजवळ आलाच नाही. मीराने चहा आणला. त्यात साखर फारच जास्त होती. मी तक्रार केली नाही, आणखी अर्धा कप मागून घेतला.